कोरडा दाखवलेला तलाव

"ते सगळं ठीक आहे मॅडम, पण हे क्लाउड ठेवणार कुठे?"

लेखा विभागातल्या बाबूंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्यापुढे डेड स्टॉक रजिस्टर उघडं होतं. लाल कापडी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, मध्ये खूण म्हणून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. चेष्टा करत नव्हते ते. प्रकल्पाच्या पैशातून काहीही विकत घेतलं की त्याला नंबर पडतो. तो पांढऱ्या ऑइलपेंटने वस्तूवर लिहिला जातो आणि मार्चमध्ये कुणीतरी येऊन वस्तू जागेवर आहे का ते बघून जातं. खुर्ची, प्रिंटर, हार्ड डिस्क, कूलर. कूलरचा स्टँड वेगळा. माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, 'संगणन सेवा, बारा महिने'. आता नंबर टाकायचा कशावर?

मी हसले. नको होतं हसायला. पुढे वर्षभर संशोधकांच्या एका टीमबरोबर जे काही चाललं, त्यात सगळ्यांत कामाचा प्रश्न हाच निघाला.

माझं काम नेमकं काय, हे घरीदारी सांगताना पंचाईत होते. सासूबाई शेजारी सांगतात, "ती कॉम्प्युटर शिकवते," आणि मी ते खोडत नाही. मी संशोधकांच्या टीमांबरोबर बसते. दोन गोष्टींसाठी. त्यांचा डेटा आणि कोड अशा अवस्थेत आणायचा, की उद्या परक्या माणसालाही तो उघडून, चालवून, तपासून बघता यावा. याला म्हणतात खुलं विज्ञान, ओपन सायन्स. आणि मोठी आकडेमोड आपल्या टेबलावरच्या मशीनवर रेटत बसण्याऐवजी दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या मशीनवर करायची. हे क्लाउड. बहुतेक ठिकाणी यांच्या दोन वेगळ्या कार्यशाळा होतात, दोन वेगळे पाहुणे येतात, दोन वेळा पुष्पगुच्छ आणि दोन प्रमाणपत्रं. माझा हट्ट असा, की दोन्ही एकत्र शिकवा, नाहीतर एकही टिकत नाही. हा हट्ट एका कपाटापाशी पक्का झाला.

नागपूरला संशोधनाची कमी नाही. नुसत्या अमरावती रोडने निघालात तरी विद्यापीठाचा परिसर लागतो, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो लागतो, इस्रोचं सुदूर संवेदन केंद्र लागतं, लिंबूवर्गीय फळांची संस्था लागते. वर्धा रोडला कापूस. नेहरू मार्गावर नीरी, १९५८ पासूनची. माती, पाणी, संत्रा, कापूस आणि त्या सगळ्यांचे आकाशातून काढलेले फोटो, असा सगळा मामला स्कूटरच्या एका फेरीत बसतो. मी ज्या टीमबद्दल लिहिते आहे तिचं नाव मात्र सांगणार नाही. विषय सांगते: पूर्व विदर्भातले मामा तलाव.

बाहेरच्यांना हे नाव गमतीचं वाटतं. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले, कोहळी समाजाने त्यांत जीव ओतला, मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, सांभाळले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी' लागलं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती, हे हल्ली मुलांना सांगावं लागतं. टीमला पाहायचं होतं, की यातल्या किती तलावांत कोणत्या महिन्यात किती पाणी असतं. जमिनीवरून मोजायला आयुष्य पुरणार नाही, म्हणून उपग्रह.

तर ते कपाट. लोखंडी, खाकी रंगाचं, किल्ली टीमचे प्रमुख असलेल्या सरांच्या खिशात. आत अकरा एक्स्टर्नल हार्ड डिस्क, प्रत्येकीवर डेड स्टॉकचा नंबर आणि चिकटपट्टीवर एका विद्यार्थ्याचं नाव. नावावरून वर्ष ओळखायचं. एकीवर 'हात लावू नये'. तो मुलगा पीएचडी करून बंगळुरूला गेला त्याला चार वर्षं झाली, तरी कुणी हात लावला नव्हता. मी लावला. आत 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांनी बघितलेलं' आणि 'खरं फायनल' असे चार फोल्डर. खरं फायनल रिकामं होतं.

हसू आलं, पण त्याच्यावर हसायचा मला हक्क नाही. मी स्वतः प्रोजेक्ट असिस्टंट होते तेव्हाची गोष्ट. पिकांच्या नकाशाचं काम होतं. मी लिहिलेला कोड कसाबसा चालायचा. माझ्या मॅडम महिन्यातून एकदा विचारायच्या, "दाखव ना काय केलंस ते." माझं उत्तर ठरलेलं, "थोडं नीट करते मॅडम, मग दाखवते." ते नीट कधी झालंच नाही. मे अखेरचा नवतपा सुरू होता, कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं, आणि एका दुपारी लॅपटॉप जो बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाला म्हणाला, "बोर्ड गेला ताई." डिस्कवरचं निम्मं निघालं, निम्मं गेलं. गेलेल्यात चुका होत्या हे मला माहीत होतं. कोणत्या होत्या, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. खरं सांगते, मला थोडं हलकं वाटलं.

ते हलकं वाटणं मी विसरलेले नाही. 'नीट करते, मग दाखवते' हे वाक्य मी ज्या टीममध्ये जाते त्या टीममध्ये ऐकते, इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, आणि ऐकलं की मला तो गरम लॅपटॉप आठवतो.

सरांची गोष्ट वेगळी होती. ते कपाट लावून ठेवायचे यामागे लाज नव्हती, सवय होती. त्यांच्या उमेदीच्या काळात टोपोशीटवर, म्हणजे सरकारी नकाशांवर, 'रिस्ट्रिक्टेड' छापलेलं असायचं. ५५ ओ, ६४ सी हे नकाशे त्यांनी अर्ज-विनंत्या करून मिळवलेले, अजून गुंडाळून त्याच कपाटात उभे आहेत. लँडसॅट उपग्रहाचं एक दृश्य ६०० डॉलरला पडायचं. "डीडी काढायचा, मग सीडीची वाट बघायची. आली की आधी तिच्या दोन कॉप्या करायच्या आणि मग चहा," असं ते सांगायचे. २००८ साली अमेरिकेने लँडसॅटचा सगळा साठा फुकट खुला करायचं ठरवलं, आणि सरांच्या पिढीने ज्यासाठी डीडी काढले ते पोरं झोपताना डाउनलोडला लावू लागली. आपल्याकडे नकाशे आणि भू-स्थानिक माहितीवरची बंधनं सैल झाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. इतकी वर्षं जी गोष्ट परवानगी घेऊन, कुलपात ठेवून वापरली, ती एका परिपत्रकाने हाताला मोकळी वाटत नाही. मी सरांशी यावर वाद घातला नाही. फक्त हिशोब मांडला.

त्यांना हवे होते युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो. दर पाच दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला ७३. जमिनीच्या एका तुकड्याची एक फाइल पाऊण ते एक जीबीची. त्यांच्या भागासाठी तुकडे सहा, वर्षं सात. गुणाकार केला तर तीन हजारांवर फाइली, अडीच-तीन टीबी. कॉलेजच्या नेटवर, दिवे जाऊन-येऊन. मुलांनी पाच महिने डाउनलोड करून दोन वर्षांचा माल आणला होता. हे झालं जुनं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासाचा जोडीचा रडार उपग्रह. त्याचा डेटा खुला, फुकट, आणि दिवसाला ८० टीबीच्या आसपास. "सर, दोन टीबीच्या चाळीस डिस्का," मी म्हटलं. "रोज."

सर कपाटाकडे बघत म्हणाले, "दुसरं कपाट घ्यावं लागते मग." विनोद करतानाही त्यांचा चेहरा हलत नाही.

क्लाउड समजावताना मी विदर्भात पटवारी वापरते, बाकी महाराष्ट्राने तलाठी समजावं. आपल्याला एक सातबारा हवा असतो. त्यासाठी गावाचं अख्खं दप्तर बैलगाडीत घालून कुणी घरी आणत नाही. जिथं दप्तर आहे तिथं जायचं, आपलं पान काढायचं, काम करून यायचं. फोटोंचंही आता तसंच. हे फोटो ज्या मोठ्या मशिनींवर ठेवलेत त्या अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आहेत. नासाचाही क्लाउडवरचा डेटा तिथेच. मग आकडेमोडही तिथेच करायची. फाइल अशा पद्धतीने रचलेली असते की आपल्या तलावापुरता चौकोन तेवढा वाचता येतो, बाकीचा शंभर किलोमीटरचा तुकडा उघडावाही लागत नाही. नागपूरच्या स्क्रीनवर येतं ते फक्त उत्तर, काही केबींचं. ज्या वेब पानावर हा कोड लिहायचा त्याला ज्युपिटर नोटबुक म्हणतात. बाबूंना हे नाव सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे स्कूटर?"

आता माझ्या हट्टाचं. भाड्याच्या मशीनचा एक स्वभाव असतो. काम झालं, मशीन बंद केलं, की ती पाटी पुसली जाते. उद्या नवं मशीन, कोरं. काल तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर टाकलं, कितवी आवृत्ती, कोणती फाइल कुठून घेतली, कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर, यातलं त्याला काही आठवत नाही. सगळं लिहून ठेवावंच लागतं, तेही मशीनला कळेल असं. आपल्या लॅपटॉपवर हे कधीच लागत नाही. तिथं 'माझ्याकडे चालतंय' एवढं पुरतं. म्हणजे खुल्या विज्ञानाची भाषणं ऐकून जी शिस्त लागत नाही, ती हे विसराळू मशीन महिन्याभरात लावतं. आणि एकदा सगळं लिहिलेलंच आहे म्हटल्यावर ते शेजारच्याला द्यायला वेगळे कष्ट लागत नाहीत.

उलटंही खरं आहे. नुसता कोड खुला केला आणि सोबत 'आधी हा तीन टीबी डेटा उतरवून घ्या' असं लिहिलं, तर ते खुलं कसलं? गोंदियाच्या कॉलेजातली एखादी प्राध्यापिका तो कोड वाचेल आणि बंद करेल. तिला तोच कोड त्याच भाड्याच्या मशीनवर तिच्या ब्राउझरमधून चालवता आला, तर गोष्ट वेगळी.

क्लाउडचे गोडवे गाताना स्वतःची एक फजिती सांगायची राहते, ती सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी एक जाडजूड मशीन भाड्याने घेतलं होतं, तासाला तीन डॉलरचं. काम झालं, ब्राउझरची खिडकी बंद केली आणि दिवाळीला माहेरी गेले. खिडकी बंद केली म्हणजे मशीन बंद होत नाही. नऊ दिवस, रात्रंदिवस, ओरेगॉनमध्ये ते मशीन माझ्या नावाने बसून होतं, काही न करता. २१६ तास. बिल ६४८ डॉलर, म्हणजे पन्नास हजारांच्या वर. कार्ड माझं होतं. कंपनीला विनवण्या केल्या, काही रक्कम सुटली, बाकीची भरली. त्या वर्षी चकल्या फार गोड लागल्या नाहीत.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी पायथॉन ही कोडची भाषा शिकवत नाही, मशीन बंद करायला शिकवते.

टीमबरोबर बसायची पद्धत मी इकडून-तिकडून उचलली आहे. १९९८ साली अमेरिकेत सॉफ्टवेअर कारपेंट्री नावाने संशोधकांना कोडिंग शिकवणं सुरू झालं. त्यांच्या वर्गात प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या मिळतात. जमलं तर एका रंगाची लॅपटॉपवर लावायची, अडलं तर दुसऱ्या. हात वर करून 'मला येत नाही' म्हणावं लागत नाही. आपल्याकडे, जिथं सरांसमोर हात वर करणं म्हणजे अर्धी बदनामी, तिथं ही चिठ्ठी मोठं काम करते. दुसरी गोष्ट नासाच्या डेटा केंद्रांबरोबर काम करणाऱ्या ओपनस्केप्स या गटाकडून घेतली. ते एकेकट्या हुशार पोराला बोलावत नाहीत, अख्ख्या टीमला बोलावतात, प्रमुखासकट. याचं महत्त्व मला उशिरा कळलं. पूर्वी मी एकेकाला शिकवायची. तो शिकून लॅबमध्ये परत जायचा, तिथं त्याची भाषा कुणाला कळायची नाही, आणि तीन महिन्यांत तो परत पेन ड्राइव्हवर.

म्हणून अट घातली: दर गुरुवारी चार वाजता, एक तास, सगळे. सर, दोन पीएचडीचे विद्यार्थी, प्रोजेक्ट असिस्टंट. अर्धवट काम दाखवायचं. पूर्ण झालेलं आणायचं नाही.

पहिले दोन गुरुवार कुणीच काही दाखवलं नाही. "नेट स्लो होतं." "तब्येत बरी नव्हती." तिसऱ्या गुरुवारी मी माझंच एक फाटकं नोटबुक प्रोजेक्टरवर लावलं, लाल एररने भरलेलं, आणि त्यांनाच विचारलं, हे का होत असेल? पीएचडीची मुलगी अर्ध्या मिनिटात म्हणाली, "मॅडम, तुम्ही अक्षांश-रेखांश उलटे टाकले." टाकले होते खरेच. माझे तलाव आर्क्टिकच्या बर्फात पडले होते. खोलीत हशा झाला. पुढच्या गुरुवारी ती तिचं घेऊन आली.

आणि मग तो ऑक्टोबरातला गुरुवार.

तिचा नकाशा पडद्यावर होता. पद्धत जुनी, साधी आहे. पाणी निकट अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण गिळतं आणि हिरवा रंग त्या मानाने परत पाठवतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की पाणी उठून दिसतं. निळे ठिपके पाण्याचे तलाव, लाल ठिपके कोरडे. पावसाळा नुकताच सरलेला, तरी लाल बरेच होते. त्यावरून एक परिच्छेदही लिहून झाला होता, गाळ, दुर्लक्ष, ढासळलेल्या पाळी म्हणजे बांध वगैरे. परिच्छेद चांगला होता. वाचून वाईट वाटेल असा.

दारात भाऊ उभे होते. भाऊ म्हणजे टीमचे फील्ड असिस्टंट, भंडारा जिल्ह्यातले, मासेमार ढिवरांच्या घरचे. जीपच्या पावत्या द्यायला आले होते. गुरुवारच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. 'सगळे' म्हणताना मीही त्यांना धरलं नव्हतं, हे इथं लिहून ठेवते. पावत्या हातात, नजर पडद्यावर.

"हा लाल काऊन आहे जी?"

"त्यात पाणी नाही, भाऊ," मुलगी म्हणाली.

"मागच्या हप्त्यात गेलतो ना मी तिथं. कमरेइतकं पाणी आहे."

मुलीने सरांकडे बघितलं. सरांनी पडद्याकडे.

"शिंगाडा लावून आहे त्याच्यात," भाऊ म्हणाले. "वरून पाणी कसं दिसंल? पानाच्या खाली आहे ते."

एखाद्या मिनिटाची शांतता. शिंगाड्याची पानं पाण्यावर पसरतात, एकाला एक लागून, गोधडीसारखी. हिरवं पान अवरक्त किरण गिळत नाही, भरभरून परत फेकतं. उपग्रहाला तिथं तलाव दिसतच नाही, हिरवं शेत दिसतं, आणि आपलं सूत्र त्याला कोरडं ठरवून मोकळं होतं. चूक सूत्राची नव्हती. त्याला शिंगाडा कुणी सांगितला नव्हता.

भाऊंना खुर्ची दिली. मग ते एकेक लाल ठिपक्यावर बोट ठेवून सांगत गेले. हा शिंगाडा. हा पण. याच्यात कमळ. याच्यात बेशरमची झुडपं माजली आहेत, पण मधात पाणी आहे. हा मात्र खरोखर सुका, याची पाळ फुटली. एका तालुक्यातले नऊ तलाव त्यांनी तिथल्या तिथे जिवंत केले. मुलगी टाइप करत होती, कान लाल झालेले. मग मी म्हटलं, वेल काढून झाल्यावरच्या हिवाळ्यातल्या तारखा धरून परत चालवून बघू या का? तिने दोन ओळी बदलल्या, बटण दाबलं. सहाही तुकडे, सातही वर्षं. ओरेगॉनमध्ये आकडेमोड सुरू झाली, इथं भाऊंसाठी चहा आला. चहा संपायच्या आत नकाशा परत उभा राहिला आणि भाऊंनी दाखवलेल्या बहुतेक ठिपक्यांत निळं उमटलं.

कपाटाच्या जमान्यात काय झालं असतं, ते सगळ्यांना माहीत होतं. "बघतो, पुढच्या महिन्यात सांगतो." मग परीक्षा, मग कुणाचं तरी लग्न, आणि तोवर भाऊ पुढच्या फील्डवर. शिवाय नकाशा भाऊंच्या डोळ्यांसमोर आलाच नसता. आला असता तो छापून, रंगीत, त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

सर एवढंच म्हणाले, "तो पॅरा काढून टाका." आणि थोड्या वेळाने, "यांचं नाव लिहा."

नाव कुठे लिहायचं यावर नंतर दोन गुरुवार चर्चा झाली. दुसऱ्या पीएचडीच्या मुलाचं म्हणणं, आभारात. मुलीचं म्हणणं, डेटासेटच्या कर्त्यांत. मी मुलीच्या बाजूची. तलावांची जी यादी आता खुली ठेवली आहे तिच्यात 'तलावात काय लावतात' असा एक रकाना आहे, तो अख्खा रकाना भाऊंचा आहे. आभार कशाचे मानणार?

सगळंच खुलं करा असं मात्र मी कुणाला सांगत नाही. त्याच यादीत कोणता तलाव कुणाकडे ठेक्याने आहे, शिंगाडा कुणाचा, हेही मुलांनी गोळा केलं होतं. ते आम्ही काढलं. पेंच-ताडोबाकडच्या एका ओळखीच्या गटाने वाघांच्या कॅमेऱ्यांची ठिकाणं खुल्या फाइलीत टाकायची तयारी केली होती, तेव्हा मी रात्री फोन करून त्यांना थांबवलं. वाघ कुठल्या पाणवठ्यावर किती वाजता येतो, हे कळून घ्यायला बसलेले सगळे लोक संशोधक नसतात. कुलूप वाईट नसतं. किल्ली कशासाठी आहे हे कुणालाच आठवत नसलं, की वाईट.

नागपुरात कुठेही गेले तरी एक प्रश्न येतोच, अंबाझरीचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. "तुमच्या उपग्रहाने बघितलं असेल ना सगळं?" ढगांतून बघू शकणारा रडारवाला सेंटिनेल-१ तेव्हा जोडीतला एकच उरला होता. दुसरा डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. उरलेला बारा दिवसांनी त्याच वाटेने परत यायचा, आणि आपलं पाणी काही तासांत येऊन गेलं. त्या पहाटे खरे बघणारे होते गच्चीवरचे लोक, मोबाइल घेऊन. माझ्या फोनमध्येच वीसेक व्हिडिओ आहेत. एकावरही वेळ नाही, गल्ली नाही. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं ते दिसतं, पायरी कुणाच्या घराची ते कळत नाही.

राहिला बाबूंचा प्रश्न. त्याचं उत्तर मला सुचलं नाही, त्यांनाच सुचलं. चौथ्या की पाचव्या फेरीत ते म्हणाले, "मॅडम, फील्डला जीप भाड्यानं घेता ना तुम्ही? तिच्यावर आपण नंबर टाकत नाही."

"नाही टाकत."

"लॉगबुक ठेवतो."

मी खुर्ची ओढून बसले. जीपच्या लॉगबुकात असतं काय? कोण गेलं, कुठे, कशासाठी, निघताना किती किलोमीटर, आल्यावर किती. शेवटी सही. "तसंच ठेवा एक. मशीन कोणी चालू केलं, केव्हा, काय कामाला, बंद केव्हा केलं. महिन्याचं बिल आलं की मी लॉगबुकाशी ताडून पाहीन. सेवा म्हणून चढवतो." गाडीभाड्याच्या नियमात ते बसतं की नाही यावर त्यांनी वरिष्ठांशी आठवडाभर कागद हलवला आणि बसवून आणलं. क्लाउडच्या खर्चावर लक्ष ठेवणारी महागडी सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत. या निळ्या शाईच्या वहीइतका कुणाचाच धाक नाही. वहीच्या तिसऱ्या पानावर माझी सही आहे आणि पुढे बाबूंच्या अक्षरात: 'बंद केल्याची वेळ नमूद नाही.'

मार्चमध्ये ते प्रत्यक्ष पडताळणीला आले. खुर्च्या मोजल्या, कूलर मोजला, स्टँड मोजला. कपाट उघडून अकरा डिस्का मोजल्या. कपाट आहे तिथंच आहे, आणि सर अजूनही दर शनिवारी एक प्रत डिस्कवर घेतात. मग रजिस्टर काखेत धरून बाबू भाऊंच्या मागे उभे राहिले. भाऊ लॅपटॉपवर तलावांची यादी भरत होते, एका बोटाने.

"हे का ते क्लाउड?"

"हो जी."

"अर्जुनी मोरगावकडचं दिसते का याच्यात?"

बाबू मूळ तिकडचे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, भाऊंनी नकाशा सरकवला. तलाव आला, निळा, एका बाजूने चपटा. बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून बघितलं.

"इकडून पाळ. पाळीवर आंबा होता मोठा. तो नाही दिसत?"

मी सांगितलं, यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटरचा चौकोन. एकटं झाड त्यात विरघळून जातं.

"आहे पण तो," ते म्हणाले. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, कूलरच्या स्टँडपुढे बरोबरची खूण केली आणि सही मागितली.